लक्ष्मीबाई टिळक : पत्नी, आई आणि आजी

कवी म्हणून रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदे आपल्या मंडळ्यांत नित्य गायिली जातात. त्यांच्या घरातल्या माउलीचे नाव मात्र आपण बहुधा एका ग्रंथाशी जोडून मोकळे होतो. ‘स्मृतिचित्रे’ची थोरवी मोठीच आहे, परंतु तो ग्रंथ लिहिण्यापूर्वी लक्ष्मीबाई पत्नी, आई व आजी म्हणून जे जगल्या, त्याची आठवण ख्रिस्ती कुटुंबांनी विशेषेकरून ठेवावी असे वाटते.

नाशिक जिल्ह्यातील जलालपूर येथे १ जून १८६८ रोजी गोखल्यांच्या घरात त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनाने सोवळ्याओवळ्याचा जो ध्यास घेतला तो कायमचाच. बाजारातून आलेले मीठसुद्धा त्या घरात धुवून घ्यावे लागे. धुतलेले मीठ उरते तरी किती, हा प्रश्न त्या घरात कोणी विचारू शकत नसे! लहानपणी त्या जाचात वाढलेल्या मुलीच्या मनात सोवळे किती खोल रुतले असेल, हे पुढील हकीगत वाचताना ध्यानात ठेवावे.

अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. पती वयाने सहासात वर्षांनी मोठे, विद्वान, कवी, आणि पराकाष्ठेचे लहरी. आज येथे तर उद्या कोठे, याचा नेम नसे. खर्चासाठी दिलेले पैसे वाटेतच कोणा गरजवंताला देऊन ते रिकाम्या हाताने घरी यावेत, हे नेहमीचेच. पहिली अपत्ये लहानपणीच गेली. १८९१ मध्ये जन्मलेला दत्तू, म्हणजे पुढील काळातील देवदत्त नारायण टिळक, तेवढा हाती लागला. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या पत्नीला टिळकांनीच अक्षरओळख करून दिली. या विद्येचे पुढे काय होणार आहे, याची तेव्हा दोघांनाही कल्पना नव्हती.

१८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांच्या हाती नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपल्या साहित्यात हा दिवस आनंदाचा म्हणून नोंदला गेला आहे आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच दिवशी एका सव्वीस वर्षांच्या स्त्रीवर आकाश कोसळले, हेही लिहिले पाहिजे. पती जिवंत असून त्या पतीला पारख्या झाल्या. दुःखाने त्या भ्रमिष्टासारख्या झाल्या. पंढरपुरास आप्तांच्या आश्रयाने, लहानग्या दत्तूला पदराखाली घेऊन त्यांनी दिवस कंठले. टिळकांची पत्रे येत. त्या पत्रांत प्रेम होते, पण परत फिरण्याचे वचन नव्हते. आप्तांची माया होती, पण त्या मायेची अटही ठरलेली होती. विरहाच्या त्या काळात लक्ष्मीबाई कविता करू लागल्या.

सुमारे पाच वर्षांनी त्या टिळकांकडे आल्या, त्या श्रद्धेने नव्हे, निष्ठेने. त्यांची चूल निराळी होती, पाणी निराळे होते, देव निराळे होते. येथे टिळकांना मान दिला पाहिजे. एरवी इतका उतावळा असलेला हा मनुष्य या एका बाबतीत धीराने थांबला. त्यांनी पत्नीवर जबरदस्ती केली नाही. माझ्या मते त्यांच्या सर्व प्रवचनांहून हे थांबणे थोर होते. लक्ष्मीबाईंचे मन आपल्या वाटेनेच पुढे गेले. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांना पडला. आणि ती माणसाचीच करणी आहे असे एकदा पटल्यावर बालपणापासूनची ती भिंत ढासळली. आधी सोवळे सुटले, मग विश्वास आला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीच्या मागे फरपटत गेलेली बायको असे त्यांना म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

आणि जिला पूर्वी परक्याच्या सावलीचाही विटाळ होई, तिचे घर आता धर्मशाळा झाले. नगरला प्लेग आला तेव्हा मिशनच्या मुलींच्या उशाशी त्या बसल्या. निराधार मुले घरी आली, राहिली, वाढली. तारा नावाची मुलगी तर त्यांनी आपली लेक म्हणूनच वाढवली. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, नगरच्या या घरात मुलासारखे राहिले. त्यांचे रुसवे काढावेत लक्ष्मीबाईंनीच. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली बालकवींचा अंत झाला. वर्षभरातच, ९ मे १९१९ रोजी, टिळकही मुंबईत ख्रिस्तवासी झाले.

पन्नाशी ओलांडलेल्या या विधवेपुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला. मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची देखरेख त्यांनी करून पाहिली. पुढे सुनेच्या नोकरीमुळे नातवंडांबरोबर त्या कराचीसही जाऊन राहिल्या. सून शिकवायला जाई आणि मुले सांभाळी आजी. त्या काळच्या मराठी घरात ही व्यवस्था किती निराळी होती! त्यांचे सांगणे पुस्तकी नव्हते. घरात मुलाबाळांशी बोलावे तसेच ते कागदावर उतरले.

वडिलांचे चरित्र लिहावे या हेतूने देवदत्तांनी आईला आठवणी लिहायला लावले. त्या आठवणींचीच ‘स्मृतिचित्रे’ झाली. १९३४ पासून तिचे भाग प्रसिद्ध होऊ लागले आणि शुद्धलेखनाशी फारसे सख्य नसलेली ही आजी मराठी गद्याच्या पहिल्या रांगेत जाऊन बसली. स्वतःवर हसण्याची त्यांची हातोटी पाहून आजही नवल वाटते. पतीचे दोष त्यांनी लपवले नाहीत, आणि त्यामुळेच त्यांचे प्रेम खोटे वाटत नाही. जोसेफिन इंकस्टर यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९५० साली निघाले.

टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ मात्र अपुरे राहिले होते. त्यांच्या हातून अकराच अध्याय झाले होते. ज्या पत्नीला त्यांनी बाराखडी शिकवली, तिने त्यापुढे चौसष्ट अध्याय रचले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाई निवर्तल्या. शेवटचा अध्याय मुलाने, देवदत्तांनी, लिहिला आणि १९३८ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. ‘स्मृतिचित्रे’ची संपूर्ण, टीपांसह आवृत्ती पुढे सिद्ध केली ती अशोक देवदत्त टिळकांनी, त्यांच्या नातवाने.