कादंबरीकार हरिभाऊ आपटे

मराठी कादंबरीचें नांव निघालें कीं हरि नारायण आपटे यांचें स्मरण प्रथम होतें. त्यांचा जन्म खानदेशांतील पारोळें या गांवीं ८ मार्च १८६४ रोजीं झाला. बालपणींच ते मातृसुखाला मुकले. पुढें पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्यें चिपळूणकर, आगरकर यांच्यासारखे गुरु त्यांस लाभले. कॉलेजांत मात्र गणितानें वाट अडविली व पदवी हातीं आली नाहीं. तथापि ग्रंथवाचन अखंड चालू राहिलें.

त्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिति' १८८५ सालीं 'पुणें वैभव' पत्रांतून येऊं लागली. तिच्यावर रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाची छाया होती. नवा लेखक प्रथम दुसऱ्याचें बोट धरूनच चालूं लागतो. त्यांत कमीपणा नाहीं; बोट केव्हां सोडावें हें मात्र कळलें पाहिजे. १८९० सालीं हरिभाऊंनीं 'करमणूक' हें साप्ताहिक काढलें आणि त्यांतून 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः छापण्यास आरंभ केला. येथें तें बोट सुटलें. यमू नांवाची स्त्री स्वतःच आपली कहाणी सांगते, अशी हिची रचना आहे. माहेरचें बालपण, सासरचा जाच, सुशिक्षित पतीच्या सहवासांतील थोडे सुखाचे दिवस, मग वैधव्य व बळजबरीचें केशवपन, हें सारें तिच्याच साध्या घरगुती बोलींत येतें.

पुरुषाला स्त्रीची ही भाषा साधली कशी? कल्पनाशक्ति हें अर्धेंच उत्तर होय. ज्या एकत्र कुटुंबांत ते वाढले, तेथें माजघरांतील बोलणें कानांवर पडत असे. पण तें ऐकणारे थोडे. काशीबाई कानिटकर या लेखिकेशीं त्यांचा दीर्घ स्नेह व पत्रव्यवहार होता, त्याचाही लाभ त्यांस झाला. आधीं ऐकणें व मग लिहिणें, हा त्यांच्या लेखनाचा पाया होय.

दुसरी गोष्ट नियमाची. साप्ताहिक वेळेवर निघालेंच पाहिजे. स्फूर्तीची वाट पाहत बसण्यास सवड नव्हती. आनंदाश्रमाची व्यवस्था आणि नगरपालिकेचीं कामें सांभाळून प्रकरणें लिहावीं लागत. या घाईची किंमतही त्यांनीं मोजली. कित्येक ठिकाणीं कथानक पसरट झालें. 'आजच' व 'कर्मयोग' या कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. निवांतपणा मिळता तर त्यांची रचना अधिक रेखीव झाली असती, असें टीकाकार म्हणूं शकेल. परंतु निवांतपणाची वाट पाहते, तर यमूची कहाणी कदाचित् लिहिलीच गेली नसती. आणि तिच्यासारख्या असंख्य मुलींचें दुःख घराच्या भिंतींआड मुकेंच राहिलें असतें. रेखीवपणाहून हें मोल मोठें आहे.

१९१२ सालीं अकोला येथील साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद त्यांस मिळालें. सत्तावीस वर्षें चालून 'करमणूक' १९१७ सालीं बंद पडलें, आणि ३ मार्च १९१९ रोजीं हरिभाऊ निवर्तले.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या डोंगरीच्या घराघरांतही आजी-आजोबांच्या तोंडीं अशा कहाण्या आहेत. ज्यास लेखक व्हावयाचें असेल त्यानें त्या आधीं मन लावून ऐकाव्या, आणि दर आठवड्यास नेमानें एक तरी पान लिहावें.