२१ व्या वर्षी लागलेला शोध

गॅसचा लायटर टक्कन दाबला की ठिणगी उडते. त्यात ना सेल, ना चार्जिंग. मग वीज येते कुठून? उत्तरासाठी १८८० च्या पॅरिसमध्ये जावं लागेल, पिएर क्युरीकडे. हो, मेरी क्युरीचा नवरा. आपल्यापैकी बहुतेकांना त्याची ओळख एवढीच!

१८५९ मध्ये जन्मलेला पिएर शाळेत गेलाच नाही, घरीच शिकला. अठराव्या वर्षी पदवी मिळाली, पण डॉक्टरेटसाठी पैसे नव्हते. मग सोरबाँ विद्यापीठात लॅब असिस्टंटची नोकरी धरली. मोठा भाऊ झाकही असिस्टंटच. दोघांनी मिळून दाखवलं की क्वार्ट्झ, म्हणजे आपल्या गारगोटीचंच स्वच्छ रूप, ठरावीक दिशेने दाबलं की त्यावर विद्युतभार तयार होतो. पुढच्याच वर्षी उलट बाजूही सिद्ध केली: वीज दिली की स्फटिक किंचित आकार बदलतो. हीच पिझोइलेक्ट्रिसिटी. तेव्हा पिएर होता फक्त २१-२२ वर्षांचा.

दोघा भावांनी यावर अतिसूक्ष्म वीज मोजणारं उपकरणही बनवलं. पुढे मेरीने युरेनियमचे किरण मोजले ते त्याच्याच मदतीने. त्यातूनच १८९८ मध्ये पोलोनियम आणि रेडियम सापडले. १९०३ च्या नोबेलसाठी आधी मेरीचं नाव नव्हतं. पिएरला हे कळलं आणि त्याने पत्र लिहून तिचा वाटा ठासून सांगितला. मग पारितोषिकात तिचंही नाव आलं.

त्याची स्वतःची डॉक्टरेट? थेट १८९५ मध्ये, पस्तिशीत. रेडियमवरचं काम तर एका गळक्या शेडमध्ये चाललं. मनासारखी प्रयोगशाळा मिळण्याआधीच, १९ एप्रिल १९०६ रोजी, पावसात रस्ता ओलांडताना तो घोडागाडीखाली आला. वय ४६.

आज ज्यांना 'स्मार्ट मटेरियल' म्हणतात, त्यातलं एक मोठं घराणं या शोधातून आलं. दाब ओळखणारे चिमुकले सेन्सर त्यावरच चालतात. हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी बनवलेली 'रोबोबी' ही ग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही हलकी रोबो-माशी. वीज दिली की तिच्यातल्या पिझो पट्ट्या वाकतात आणि पंख सेकंदाला सुमारे १२० वेळा फडफडतात.

म्हणजे झाक आणि पिएरने १८८१ मध्ये दाखवलेली ती उलटी बाजूच. तेव्हा दोघांपैकी एकाच्याही नावापुढे प्रोफेसर लागलेलं नव्हतं.