सोलापूरचे वालचंद आणि बंगळूरचा विमान कारखाना

बंगळूरला नोकरीनिमित्त आलेल्या आपल्या मराठी मंडळींपैकी कितीतरी जणांनी एचएएलमध्ये उमेदीची वर्षे काढली. मीही त्यातलाच. हा कारखाना मुळात एका सोलापूरकराने उभा केला, असे सांगितले की नव्याने आलेल्यांना नवल वाटते. म्हणून यंदा शेठ वालचंद हिराचंद यांच्याविषयी लिहीत आहे.

वालचंदांचा जन्म १८८२ साली सोलापुरात, एका गुजराती जैन व्यापारी कुटुंबात झाला. घरच्या पेढीत मन रमेना, तेव्हा लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतल्या कारकुनाशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेचे कंत्राट घेतले. पुढे बोरघाटातले बोगदे, १९१९ पासून सिंधिया कंपनीची जहाजे, साखर कारखाना... यादी लांब आहे, ती सोडतो.

१९३९ साली अमेरिकेहून परतताना विमानात त्यांची विल्यम पॉली यांच्याशी गाठ पडली. पॉली चीनमध्ये विमाने जोडण्याचा कारखाना चालवीत. आपल्याकडे १९३२ पासून वायुदल होते खरे, पण हुकूम इंग्रजांचा आणि विमानेही त्यांचीच. युद्ध पेटल्यावर ती इथेच का बनवू नयेत, असे वालचंदांच्या मनाने घेतले. सरकारने आधी बरीच टाळाटाळ केली. म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी मात्र जमीन दिली आणि संस्थानाचे भांडवलही घातले. २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. वर्षभराच्या आत, १९४१ मध्ये, इथे जोडलेले हार्लो जातीचे प्रशिक्षण विमान आकाशात गेले!

पण १९४२ मध्ये जपानी फौजा ब्रह्मदेशात घुसल्या आणि सरकारने वालचंदांचे शेअर विकत घेतले. संस्थानाने आपला वाटा विकला नाही, कारभार तेवढा सोडला. पुढच्या वर्षी कारखाना अमेरिकी हवाई दलाच्या दिमतीला गेला आणि विमाने बनवण्याऐवजी त्यांची दुरुस्ती हेच मुख्य काम झाले. युद्धाची निकड होती, हे मान्य. तरीही ज्याने कारखाना उभारला त्यालाच बाजूला सारले गेले, हे मला आजही खटकते. दुरुस्तीतून आपले कामगार तयार झाले, एवढे मात्र पदरात पडले.

पुढे कोल्हापूरकडचे डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी आराखडा केलेले एचटी-२ विमान ऑगस्ट १९५१ मध्ये याच कारखान्यातून उडाले. तोवर वालचंद आजारपणामुळे कामातून निवृत्त झाले होते. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.