छत्तीसगढातील मराठी संपादक : कै. माधवराव सप्रे

स्वप्रांत सोडून दूर वसलेल्या मराठी माणसाने नव्या भूमीचे ऋण कसे फेडावे, असा प्रश्न मनात आला की आम्हांस कै. माधवराव सप्रे यांचे स्मरण होते. आज दूरचित्रवाणीवर अहोरात्र वार्ता झळकतात. परंतु या प्रांतात छापील मासिकही दुर्मिळ होते, त्या काळी त्यांनी संपादकाचे व्रत स्वीकारले.

माधवरावांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी झाला. प्राथमिक शिक्षण बिलासपुरास व माध्यमिक रायपुरास झाले. आपले सिलतरा याच दोन शहरांना जोडणाऱ्या मार्गावर आहे. १८९९ साली बी. ए. झाल्यावर त्यांनी पेंड्रा येथे राजकुमाराच्या शिक्षकाचे काम पत्करले. तेथूनच जानेवारी १९०० मध्ये रामराव चिंचोलकर व वामनराव लाखे यांच्या सहकार्याने त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. मासिक पेंड्र्याचे, छपाई मात्र आधी रायपुरास व पुढे नागपुरास, अशी ती कसरत होती. हिंदीतील आरंभीच्या कथांत गणली जाणारी त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा १९०१ साली याच मासिकात आली. आर्थिक तोट्यामुळे १९०२ अखेर मासिक बंद पडले.

१३ एप्रिल १९०७ रोजी त्यांनी नागपुरास ‘हिंदी केसरी’ काढला आणि लोकमान्यांचे विचार हिंदी वाचकांच्या दारी नेले. ऑगस्ट १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. पुढे वडीलबंधूंच्या निर्वाणीच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली, सरकारकडे क्षमापत्र दिले व त्यांची सुटका झाली. गौरवलेखातून असा प्रसंग गाळण्याचा मोह होतो. परंतु तो गाळला तर माधवरावांची खरी थोरवीच झाकली जाईल, असे आम्हांस वाटते.

कारण त्यांनी स्वतःचे समर्थन मांडले नाही. ते सार्वजनिक जीवनातून दूर झाले, रामदासी सहवासात राहिले, मधुकरी मागून उदरनिर्वाह केला आणि पुन्हा लेखणी हाती घेतली, ती स्वतःच्या नावलौकिकासाठी नव्हे. समर्थांचा ‘दासबोध’, लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ आणि चिंतामणराव वैद्यांचे महाभारतविषयक विवेचन त्यांनी हिंदीत आणले. मायबोलीचे धन शेजारच्या भाषेस देण्याचे हे कार्य किती मोलाचे, हे दोन्ही भाषांत वावरणाऱ्या आपणांस निराळे सांगावयास नको.

रायपुरात त्यांनी मुलींच्या शिक्षणासाठी पाठशाळा काढली. १९२० साली जबलपुरास ‘कर्मवीर’ निघाला, त्यामागे त्यांची प्रेरणा होती. संपादकपद मात्र माखनलाल चतुर्वेदी यांच्याकडे गेले. १९२४ साली देहरादून येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद या मराठी भाषकास लाभले. ज्यांच्या भाषेची त्यांनी सेवा केली, त्यांनीच दिलेला हा मान होय.

२३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरात त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या नावाने १९८४ साली भोपाळ येथे समाचारपत्र संग्रहालय स्थापन झाले. आपल्या सुवर्णमहोत्सवी वर्षी आम्ही त्यांस वंदन करतो, ते केवळ यशस्वी संपादक म्हणून नव्हे, तर एकदा खचूनही आयुष्याची अठरा वर्षे मूकपणे कार्यास वाहणारा आपल्यातील एक वडीलधारा म्हणून.