बाबासाहेबांचा मधुमेह
राज्यघटनेच्या मसुद्याचे काम चालू असतानाच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा मधुमेह बळावला. पाय दुखत, झोप लागत नसे. १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे औषध-पथ्य त्यांनीच सांभाळले. काम मात्र थांबले नाही. १९५० मध्ये मराठवाड्यातल्या मुलांसाठी औरंगाबादला महाविद्यालय उभे राहिले.

त्या काळी डॉक्टरांच्या हाती होते तरी काय? लघवीत बेनेडिक्टचे द्रावण घालून तापवायचे, रंग बदलला की साखर. रक्ततपासणी त्या घडीपुरती. आज परभणीतही सहज होणारी एचबीए-वन-सी तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते. तिचे मूळ तेहरानच्या सॅम्युअल रहबार यांच्या १९६८ च्या शोधात. हृदयावरचा ताण त्रास जाणवण्याआधीच दाखवणारी एनटी-प्रोबीएनपी तपासणी तर फार नंतरची. मधुमेहात नसा बधिर होतात, छातीत कळ न येताही झटका येऊ शकतो. म्हणून तिचे मोल.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा प्रकृती पार ढासळली होती. ६ डिसेंबरला दिल्लीत झोपेतच ते गेले. वय ६५. आदल्या रात्री बुद्धावरच्या ग्रंथाची प्रस्तावना त्यांच्या हातात होती.