क्रीडावीर पालवणकर बाळू

क्रिकेटचा खेळ इंग्रजांबरोबर आपल्या देशात आला आणि हळूहळू येथील तरुणांनी तो आपलासा केला. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खेळाचे मैदान सर्वांना सारखे खुले नव्हते. साहेबांच्या क्लबात हिंदी माणूस चाकर म्हणूनच वावरे, आणि हिंदूंच्या क्लबात अस्पृश्य मानलेल्या जातींना थारा नसे. अशा काळात एका चर्मकार कुटुंबातील मुलाने केवळ आपल्या बोटांतील कौशल्याच्या बळावर ही बंद दारे उघडावयास लावली. त्याचे नाव पालवणकर बाळू.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. घराणे मूळचे कोकणातील पालवण गावचे. त्यावरूनच त्यांना पालवणकर हे आडनाव मिळाले. वडील लष्कराच्या नोकरीत असल्यामुळे बाळूंचे बालपण पुण्यास गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू व त्यांचा धाकटा भाऊ शिवराम खेळू लागले. घरची स्थिती बेताची, त्यामुळे शिक्षण अर्ध्यावरच सुटले. पुण्यातील पारशांच्या एका क्रिकेट क्लबात बाळू दरमहा तीन रुपयांवर नोकरीस राहिले. खेळपट्टी झाडणे आणि तिच्यावर रूळ फिरवणे हे त्यांचे काम. फावल्या वेळी मात्र सभासदांना चेंडू टाकण्याची संधी त्यांना मिळे.

पुढे १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात दरमहा चार रुपयांवर गेले. येथेही मैदानाची निगा राखणे, जाळी उभारणे ही कामे होतीच. पण सरावासाठी गोलंदाजी करण्याचे कामही त्यांच्याकडे आले. ग्रेग नावाचे तेथील नामांकित फलंदाज इतरांच्या आधी मैदानावर येत आणि बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. आपणास बाद केल्यास दर वेळी आठ आणे देण्याचे ग्रेगसाहेबांनी कबूल केले होते, असे सांगतात. डाव्या हाताने मंदगतीने टाकलेला चेंडू हव्या त्या जागी टाकावा, त्यास कधी इकडे तर कधी तिकडे वळण द्यावे आणि फलंदाजास चकवावे, ही विद्या बाळूंना याच मैदानावर साध्य झाली. फलंदाजीची संधी मात्र त्यांना तेथे कधीच मिळाली नाही. बॅट साहेबाने धरावी आणि चेंडू चाकराने टाकावा, अशीच तेव्हाची रीत होती.

बाळूंची कीर्ती शहरात पसरली. पुण्याच्या हिंदू संघास साहेबांच्या संघाशी सामना द्यावयाचा होता. बाळूंस संघात घ्यावे की न घ्यावे, यावर सभासदांत मोठा वाद झाला. अखेर जिंकण्याची इच्छा रूढीपेक्षा प्रबळ ठरली आणि बाळू संघात आले. मैदानावर सर्वजण एकच चेंडू हाताळीत. परंतु विश्रांतीच्या वेळी बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या बोळक्यात चहा मिळे आणि त्यांचे जेवणाचे पान वेगळे मांडले जाई. हा अपमान बाळूंनी सोसला. त्याचे उत्तर त्यांनी चेंडूने दिले, आणि पुण्याच्या संघास एकामागून एक विजय मिळवून दिले.

१८९६ नंतर पुण्यात प्लेगची साथ पसरली आणि बाळू मुंबईस आले. तेथील हिंदू जिमखान्याने थोड्या विरोधानंतर त्यांना आपल्या संघात घेतले. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेमध्ये त्यांना नोकरी मिळाली आणि तेथील संघाकडूनही ते खेळू लागले. १९०६ च्या फेब्रुवारीत मुंबईस हिंदू आणि युरोपियन या संघांमध्ये सामना झाला. हिंदू संघाने तो १०९ धावांनी जिंकला. बाळूंची गोलंदाजी हे या विजयाचे एक प्रमुख कारण होते. शिवरामही या सामन्यात खेळले. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा आनंद साऱ्या देशाला झाला.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघास पराभवच अधिक पत्करावे लागले. परंतु बाळूंनी त्या दौऱ्यात सर्व सामने मिळून शंभराहून अधिक बळी घेतले. ते परतल्यावर मुंबईतील दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिले होते, असे म्हणतात.

इतके होऊनही संघाचे नायकपद बाळूंना लाभले नाही. १९२० साली तर त्यांना संघातूनच वगळण्यात आले. तेव्हा त्यांचे बंधू शिवराम व विठ्ठल यांनी निषेध म्हणून संघ सोडला. लोकमत त्यांच्या बाजूने झाले. तिघेही बंधू संघात परतले आणि बाळूंना उपनायक नेमण्यात आले. थोरल्या भावाला जे मिळाले नाही, ते पुढे धाकट्याला मिळाले. १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे नायक झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने युरोपियनांचा पराभव केला.

निवृत्तीनंतर बाळू सार्वजनिक कार्यात पडले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची स्वाक्षरी आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे ते डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध उभे राहिले आणि थोड्या मतांनी पराभूत झाले. दोघांचेही ध्येय अस्पृश्यतेचे निवारण हेच होते. मार्ग तेवढे भिन्न होते. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले.

ज्या मैदानावर रूळ फिरवण्यासाठी बाळू आले, त्याच मैदानाने पुढे त्यांना मान दिला. पण तो सहजासहजी दिला नाही. एकेका बळीने त्यांना तो मिळवावा लागला. चेंडू टाकणाऱ्याची जात चेंडूला ठाऊक नसते. हे साधे सत्य माणसांना उमगावयास किती काळ लागला, हेच बाळूंचे चरित्र आपणास सांगते.

स्वाध्याय

१. बाळूंनी गोलंदाजीची विद्या कोठे व कशी मिळवली?
२. मैदानावरील आणि मैदानाबाहेरील वागणुकीत कोणता विरोध होता?
३. १९२० साली शिवराम व विठ्ठल यांनी संघ का सोडला? त्यांचे वागणे तुम्हांस योग्य वाटते काय? सकारण लिहा.