समुद्रतळाचा प्रवासी : जाक कूस्तो



आपल्या जोयडा तालुक्याला पूर्वी सुपा तालुका म्हणत. ते जुने सुपा गाव आज काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली आहे. पाण्यात गेलेले पुन्हा एकदा डोळ्यांनी पाहावे, असे कितीतरी आजी-आजोबांना वाटत असेल. पाण्याखालचे जग माणसाला दाखवणाऱ्या एका थोर पुरुषाचा परिचय आज करून घेऊ.

जाक कूस्तो यांचा जन्म ११ जून १९१० रोजी फ्रान्समध्ये झाला. नौदलात वैमानिक होण्याची त्यांची इच्छा होती. परंतु मोटार अपघातात हातांना गंभीर इजा झाली आणि ते स्वप्न भंगले. ते खचले नाहीत. हातांत बळ यावे म्हणून समुद्रात पोहू लागले. एका मित्राने दिलेला पाण्यातला चष्मा लावून त्यांनी खाली पाहिले, आणि जीवनाची दिशाच बदलली.

त्या काळी पाणबुडे जड शिरस्त्राण घालून, बोटीवरून येणाऱ्या नळीतून श्वास घेत. १९४३ मध्ये कूस्तो व अभियंता एमिल गान्यां यांनी ‘ॲक्वालंग’ बनवले. पाठीवरील टाकीत दाबून हवा भरायची. श्वास ओढताच झडप उघडते आणि भोवतीच्या पाण्याच्या दाबाइतकीच हवा देते. आजचे स्कुबा डायव्हिंग याच तत्त्वावर चालते.

मार्सेलजवळ १९२८ साली बुडालेल्या ‘डाल्टन’ आगबोटीत ते उतरले. बुडालेल्या जहाजांवर त्यांनी माहितीपटही काढला. पुढे ‘कॅलिप्सो’ जहाजावरून त्यांनी तांबड्या समुद्रात ‘थिसलगॉर्म’ शोधली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, बॉम्बहल्ल्यात बुडालेली ही ब्रिटिश आगबोट. तिच्या पोटात लष्करी मोटारसायकली व ट्रक तसेच होते. १९७५ मध्ये ‘टायटॅनिक’ची भगिनी ‘ब्रिटानिक’ त्यांनी ग्रीसजवळ शोधून काढली.

या कार्याची किंमतही मोठी होती. १९४७ मध्ये खोलीच्या प्रयोगात त्यांचे सहकारी मॉरिस फार्ग मृत्यू पावले. १९७९ मध्ये पुत्र फिलिप विमान अपघातात गेला. तरी कार्य थांबले नाही.

एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. १९५६ च्या त्यांच्या गाजलेल्या चित्रपटात सुरुंग लावून मासे मारल्याचे दिसते. पुढे मात्र हेच कूस्तो समुद्राचे रक्षक झाले. १९६० मध्ये त्यांनी भूमध्य समुद्रात किरणोत्सारी कचरा टाकण्यास विरोध केला; १९७३ मध्ये सागररक्षणासाठी संस्था स्थापली. माणूस मोठा झाल्यावरही शिकू शकतो, हे त्यांनी दाखवले. २५ जून १९९७ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या जिल्ह्यात मुरुडेश्वरजवळील नेत्राणी बेटावर आणि गोव्यात ग्रँड बेटाजवळ आज स्कुबा डायव्हिंग चालते. ग्रँड बेटाजवळ तर जुन्या आगबोटीचे अवशेषही पाहता येतात. परंतु मुलांनो, प्रशिक्षकाशिवाय खोल पाण्यात उतरणे हे धाडस नव्हे. काळी नदीत वा धरणात एकट्याने कधीही उतरू नका. पालकांनीही लक्ष द्यावे. आणि इथे नदीत टाकलेला कचरा कारवारला समुद्रात पोहोचतो, हेही विसरू नका.